ऑटिस्टिक मुलाचं अक्षर सुधारण्यासाठी घरी काय करावं?

मुलगा 8 वर्षांचा, ऑटिस्टिक, वही उघडली की रडतो, तर रोज किती ओळी गिरवून घ्याव्यात, असं तुम्ही विचारलंय. एकही नाही. निदान सध्या तरी.

मी गोव्यात फोंड्याकडच्या मराठी प्राथमिक शाळांत 33 वर्षं मास्तरकी केली. जत्रेतल्या नाटकाचा फलक असो की लग्नातल्या आहेराची यादी, गावात अक्षर माझंच. त्यामुळे माझ्या ऑटिस्टिक नातवाच्या अक्षराला वळण लावणं हा मी माझा हक्कच समजत होतो. सून म्हणाली, "मामा, ओटीताईंनी हात धरून गिरवायला नको म्हटलंय." (ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, हाताच्या हालचाली आणि रोजची कामं शिकवणाऱ्या.) मी मागून त्याची मूठ धरली आणि 'क' काढला. तो मनगटाला कडकडून चावला. वळ चार दिवस राहिला.

त्यानंतर मी त्याचं लिहिणं पहिल्यांदा नीट पाहिलं. अंगठा पेन्सिलीवर मागे मुडपायचा. पाय लोंबकळत. डोकं डाव्या तळव्यावर टेकलेलं, मग वही धरणार कोण? दाब असा की खालच्या तीन पानांवर खुणा. आणि अक्षर छापल्यासारखं आलं नाही तर भोक पडेपर्यंत खोडायचं. याला मी आळस म्हणत होतो.

मग त्या वर्षी गणेश चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळं-रानफळांची चौकट, बांधताना गंमत झाली. माटोळीतली सगळी नावं त्याला पाठ. मी विचारायचो, तो सांगायचा. मध्येच माझ्या डब्यातला खडूचा तुकडा उचलून त्याने पडवीच्या दारावर लिहिलं, 'कवंडळ'. वीतभर अक्षरं, 'ळ' नारळाएवढा. मग 'आंबाडे', 'तवशी'. चुकलं की ओल्या फडक्याने पुसायचा, भोक पडायची भीतीच नाही. ओटीताईंनी नंतर कारणं सांगितली: उभ्या फळीवर खांद्यातून जोर येतो आणि मनगट आपोआप मागे झुकतं, तर बोटभरसुद्धा नसलेला खडू मुठीत धरताच येत नाही, चिमटीतच धरावा लागतो. याच तुकड्यांनी मी वर्गात पोरांवर नेम धरायचो. असो.

तेव्हापासून आमच्याकडे पायाखाली गोणपाटात गुंडाळलेला चिरा असतो आणि वहीखाली एका बाजूने उचललेला पाट. लिहिण्याआधी विहिरीची छोटी कळशी ओढून अबोलीला पाणी घालायचं (कोणीतरी शेजारी उभं हवंच) किंवा पीठ मळायचं. मग दहा मिनिटं लिहायचं, शाळेतून आल्याआल्या मात्र नाही. आणखी एक, जे मास्तर असून मला सुचलं नव्हतं: देवनागरी रेघेला लटकते, इंग्रजी रेघेवर बसते. आपण सांगतो "रेघेवर लिही", आणि हा पोरगा शब्दाला शब्द धरणारा. आता मराठीसाठी वरची रेघ लाल, इंग्रजीसाठी खालची निळी. पेन्सिलीची पकड कशीही असो, हात दुखत नसेल तर तो नाद सोडा.

आणि टायपिंग शिकवा. आमचे एक निवृत्त हेडमास्तर सोप्यावर बसून मला सुनावतात, "ही पळवाट. हात वळवल्याशिवाय वळत नाही." मी त्यांना म्हटलं, मामलेदार कचेरीबाहेर टायपिस्टला पैसे देऊन अर्ज टाइप करून घेताना तुमचं वळण कुठे गेलं होतं? इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डात डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं. ही शिस्त नातवाला इतकी आवडली की आठवड्यात कीबोर्ड पाठ. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ हे केंद्राच्या 2018च्या सूचनांत लिहिलं होतं. प्रमाणपत्र लागतं, म्हणून दहावीची वाट न बघता शाळेशी आत्ताच बोला.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. डोळे तपासून घ्या, हात ओटीला दाखवा. तुमच्या मुलाला खडूचा स्पर्शच सोसणार नाही, असंही होऊ शकतं. मग ओला ब्रश द्या. अक्षर इतरांसारखं कधी होईल, हेही तुम्ही विचारलंय. माझ्या नातवाचं झालेलं नाही.

यंदाची माटोळीची यादी त्याने टाइप केली. हेडमास्तरांनी चष्मा पुसून तीत एक चूक काढली, 'चिबुड'. ती चूक माझी होती. त्याने विचारलं तेव्हा मीच र्‍हस्व सांगितला होता.