पाऱ्याच्या मॅनोमीटरने ब्रोमीन-आयोडीनचा बाष्पदाब मोजता येईल का?

तुम्ही विचारलंय की एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी कॉलेजमधल्या पाऱ्याच्या मॅनोमीटरवर (दाब मोजायच्या नळीवर) ब्रोमीन आणि आयोडीनचा बाष्पदाब, म्हणजे त्यांच्या वाफेचा दाब, मोजता येईल का. नाही. दोघांचीही पाऱ्याशी अभिक्रिया होते. पारा खराब होतो आणि आकडाही खोटा येतो.

मी मुंबईतच रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून कळकळीने सांगतो, ब्रोमीन सोडा. 25 अंशांना त्याचा बाष्पदाब 28 किलोपास्कलच्या आसपास असतो, बाटली उघडताच तांबडी वाफ बाहेर. त्याला पूर्ण काचेचा प्रेशर गेज लागतो आणि तो बनवणारा काचकाम कारागीर शोधावा लागतो. शिवाय अंगावर सांडलं तर जखम फार वाईट होते.

आयोडीन मात्र साध्या सामानात जमतं. कोरडी हवा वॉटर बाथमध्ये ठेवलेल्या आयोडीनच्या स्फटिकांवरून सावकाश न्यायची, पुढे पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात बुडबुडे सोडायचे आणि अडकलेलं आयोडीन थायोसल्फेटने टायट्रेट करायचं, म्हणजे किती थायोसल्फेट लागलं त्यावरून मोजायचं. शेवटी ॲस्पिरेटर बाटली, म्हणजे खाली तोटी असलेली पाण्याची बाटली, पाणी सोडलं की ती हवा ओढते. तिच्यातून जितकं पाणी बाहेर पडलं तितकी हवा गेली. 30 अंशांना बाष्पदाब 0.47 मिमी पारा, म्हणजे दोन लिटर हवेमागे 12 मिलिग्रॅमच्या आसपास आयोडीन. 0.01 मोलर थायोसल्फेट साडेनऊ ते दहा मिली लागेल, ब्युरेटवर आरामात वाचता येतं. 40 अंशांना हेच दुपटीच्या वर जातं.

घोळ होतो तो इथे. ॲस्पिरेटरमधली हवा पाण्याच्या वाफेने भरलेली असते. 30 अंशांना त्या वाफेचा दाब 32 मिमी. तो वातावरणाच्या दाबातून वजा केला नाही तर चार टक्क्यांची चूक घरबसल्या. वातावरणाचा दाबही 760 धरू नका, जुलैत आपल्याकडे तो 752 च्या आसपास असतो. पावसाळ्यात आत येणारी हवा कॅल्शियम क्लोराइडच्या नळीतून न्या. लॅबमध्ये एसी असेल तर बाथमधून बाहेर येणारी नळी थंड पडते आणि आयोडीन तिथेच काळ्या चकचकीत स्फटिकांच्या रूपात चिकटतं. तेवढा भाग हीटिंग टेपने गरम ठेवा. रबरी नळ्या अजिबात नकोत, आयोडीन रबराला खातं. सगळे जोड काचेचे घ्या. आणि सगळं फ्यूमहूडमध्येच, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात.

हवेचा वेग बदलूनही बाष्पदाब तोच आला, तरच हवा आयोडीनच्या वाफेने संपृक्त (पूर्ण भरलेली) झाली असं समजा. मग दाबाचा नैसर्गिक लॉगॅरिदम आणि केल्विनमधल्या तापमानाचा व्यस्तांक यांचा आलेख काढा. उतारावरून संप्लवनाची (घनाची थेट वाफ होण्याची) उष्णता 62 किलोज्यूल प्रति मोलच्या जवळ यायला हवी. 30 ते 60 अंशांत पाच-सहा बिंदू पुरेत.

जाता जाता, आयोडीन वितळतच नाही असं तोंडी परीक्षेत मुलं हमखास सांगतात. ते 113.7 अंशांना वितळतं आणि 184 ला उकळतं. बंद काचनळीत जपून तापवलं की काळा द्रव स्पष्ट दिसतो.