तळ्याच्या गाळातल्या इवल्याशा कवचांवरून हजारो वर्षांपूर्वीचं हवामान खरंच कळतं, की सगळं अंदाजपंचे?

कळतं. पण तुमची शंका रास्त आहे; ही कवचं वेचायला बसले तेव्हा पहिले काही दिवस मलाही हेच वाटायचं.

ही कवचं ऑस्ट्राकॉडची. ऑस्ट्राकॉड म्हणजे खेकडा-कोळंबीच्या गणगोतातला, खसखशीच्या दाण्याएवढा जीव. दोन शिंपल्यांच्या डबीत राहतो. मोठा होईपर्यंत आठ वेळा कात टाकतो, आणि जुन्या कवचातला चुना पुन्हा वापरत नाही. नवं कवच तो काही तासांत, फार तर काही दिवसांत, भोवतालच्या पाण्यातूनच बनवतो. त्यामुळे तेव्हाच्या पाण्याची खूण त्यात राहून जाते.

गाळाच्या उभ्या कांडीचे सेंटिमीटरभर काप करायचे, बारीक चाळणीवर धुवायचे, वाळवून काळ्या तबकात पसरायचे. मग सूक्ष्मदर्शकाखाली कुंचल्याचं टोक जेमतेम ओलं करून एकेक कवच उचलायचं. शिंक आली की दुपारची मेहनत गेली! एका प्राण्याचे एकूण १८ शिंपले मागे राहू शकतात. थरात पिल्लांपासून मोठ्यांपर्यंत सगळ्या मापाचे सापडले तर प्राणी तिथेच जगला. एकाच मापाचे असले तर प्रवाहाने वाहून आणलेत का, हे आधी बघते.

नुसती जातही बरंच सांगते. सायथेरिसा लॅकस्ट्रिस दिसली की पाणी थंड आणि भरपूर ऑक्सिजनचं. सायप्रिडेइस टोरोसा मचूळ पाण्यातली. पाण्यातला खारटपणा कमी झाला की तिच्या कवचावर चक्क टेंगळं येतात.

तुमचं ‘अंदाजपंचे’ खरं बोचतं ते ऑक्सिजनपाशी. पाणी आटताना हलका ऑक्सिजन-१६ आधी उडून जातो, जड ऑक्सिजन-१८ मागे उरतो. म्हणून दुष्काळातलं कवच जड, म्हणजे त्यात ऑक्सिजन-१८ जास्त. पण पाणी गार असलं तरीही कवच जडच होतं. एकच आकडा, अर्थ दोन!

यातून वाट निघते ती तळं पारखून घेतल्यावर. जर्मनीतल्या अमरझेच्या तळाशी पाणी बाराही महिने ४ अंशांच्या आसपास असतं. तापमानाचा प्रश्नच मिटला. फरक दिसला तर तो पावसाच्या पाण्यातून आलेला, आणि तिथे तो हवेच्या तापमानाबरोबर बदलतो. सुमारे ८,२०० वर्षांपूर्वी अचानक पडलेला गारठा तिथल्या कवचांत दिसतो आणि ग्रीनलंडच्या बर्फातही. मेक्सिकोच्या युकातानमधल्या चिचनकनाब तळ्याचं उलट आहे. पाण्याला बाहेर वाट नाही, त्यामुळे तिथे आटण्याचाच हिशेब चालतो. इ. स. ८०० ते १००० दरम्यानच्या थरांत कवचं जड होतात आणि जिप्सम, म्हणजे पाणी आटताना तळाशी साचणारा क्षार, तोही वाढतो. माया शहरं ओस पडत होती तो हाच काळ.

शिवाय प्रत्येक जातीची खोड वेगळी. कॅन्डोनाचं कवच हिशेबापेक्षा हजारी सुमारे २ ने जड निघतं. म्हणून मोजायला एकाच जातीची, पूर्ण वाढलेली कवचंच घेतात.

माझा खरा अविश्वास तारखांवर असतो. कवचाचंच कार्बन-१४ ने वय काढलं, तर चुनखडीतून पाण्यात उतरलेला जुना कार्बन ते फुगवतो. म्हणून त्याच थरात अडकलेलं, जमिनीवरच्या झाडाचं एखादं पान मी शोधते. ते मिळालं नाही, तर नेमक्या सालाबद्दल मी तरी तोंड उघडत नाही.