कॅमेरा घ्या, पण हप्त्यावर नको आणि एफडी मोडूनही नको

एका वाचकाच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा : वय ३४, पुण्यात नोकरी, दरमहा हातात ६८,००० रुपये. घरभाडं १८,०००, गाडीचा हप्ता ९,२००, घरखर्च २२,०००, एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) ८,०००. बँकेत अडीच लाखांची एफडी. पक्ष्यांचे फोटो काढण्याचा छंद आहे, जवळ जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) आहे. आता हवी मिररलेस बॉडी (आरसा नसलेल्या नव्या प्रकारच्या कॅमेऱ्याचा लेन्सशिवायचा भाग) आणि मोठी लेन्स, मिळून १,८०,०००. 'नो कॉस्ट ईएमआय'वर १५,०००चे बारा हप्ते. त्यासाठी वर्षभर एसआयपी थांबवू, की एफडी मोडू? पत्नीचं म्हणणं, मोबाईलचा कॅमेरा पुरे झाला.

आधी पत्नीच्या मुद्द्याबद्दल. घरगुती फोटोंपुरतं त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे. पण भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यात दूरवर उभा असलेला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) मोबाईलवर झूम करून ओढून घेतला की गुलाबी डाग दिसतो. तेव्हा छंदाला नावं ठेवणार नाही. कमावत्या माणसाने स्वतःच्या आवडीवर पैसे घालू नयेत, असं सांगणारे सल्लागार मला तरी पटत नाहीत.

आता 'नो कॉस्ट'चं बघू. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना शून्य टक्के व्याजाच्या योजनांना मनाई केली. त्यामुळे बँक व्याज लावतेच. विक्रेता तेवढी सूट किमतीत देतो. बँकेचा दर १५ टक्के धरला तर तुमच्या बारा हप्त्यांत सुमारे १३,८०० रुपये व्याज आहे. त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे अडीच हजार, तुमच्याच खिशातून जाणार. वर प्रोसेसिंग फी. शिवाय रोख घेणाऱ्याला दुकानदार जी सूट देतो, तिच्यावर पाणी सोडायचं. हा काही फार मोठा तोटा नाही, हेही खरं.

खरी अडचण दुसरीच आहे. आज तुमच्याकडे महिन्याला १०,८०० उरतात. एसआयपी थांबवून १५,००० भरले की ३,८०० राहतात. त्यात पेट्रोल, टोल, होडीचं भाडं, वेगवान मेमरी कार्ड, एखादा दवाखान्याचा खर्च, सगळं बसवायचं. कॅमेरा येईल, पण भिगवणला जायला पैसे उरणार नाहीत! एफडीला तर हातच लावू नका. आज तिच्यात घरचा पाच महिन्यांचा खर्च आहे. १,८०,००० काढले तर दीड महिन्याचाही राहणार नाही.

माझं मत : बॉडी नको, फक्त लेन्स घ्या, तीही वापरलेली. तुमचा डीएसएलआर सात वर्षांचा आहे, पण चालतोय. बॉडीची किंमत नवं मॉडेल आलं की घसरते. चांगली लेन्स भाव बऱ्यापैकी धरून ठेवते. त्यात बरेच जण मिररलेसकडे वळल्यामुळे डीएसएलआरच्या १५०-६०० मिलिमीटरच्या (दूरचं जवळ आणणाऱ्या) लेन्सेस नव्यापेक्षा बऱ्याच कमी किमतीत मिळतात. साठ हजारांची मर्यादा ठेवा. पाहायला जाताना टॉर्च न्या आणि एका बाजूने उजेड टाकून दुसरीकडून काचेत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती हमखास धरते. अशी लेन्स कितीही स्वस्त असो, सोडून द्या. तुमच्याच बॉडीवर लावून फोकस तपासा. उद्या मिररलेसवर गेलात तर अॅडॉप्टर लागेल, त्या जोडीचाही फोकस आधी पाहून घ्या.

त्याआधी एक शनिवार-रविवार तीच लेन्स भाड्याने घ्या. ती जवळपास दोन किलोची असते. सकाळभर हातात धरून कंबर-खांदे काय म्हणतात ते कळू द्या.

आता जून लागलाय, रोहित थंडीत येणार. दरमहा दहा हजारांची, सहा महिन्यांची आरडी (आवर्ती ठेव) आजच सुरू करा. डिसेंबरपर्यंत साठ हजार हातात, एसआयपी चालू, एफडी शाबूत. बॉडीचा विचार पुढच्या वर्षी, गाडीचा हप्ता संपल्यावर.

एक गोष्ट मात्र पत्रात नाही : आरोग्य विमा. तो फक्त कंपनीचा असेल तर नोकरीबरोबर जाईल. दोघांसाठी स्वतंत्र पॉलिसी आधी घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला आहे. तिच्या प्रीमियमसाठी लेन्स एक-दोन महिने पुढे गेली तरी चालेल, फेब्रुवारीतही भिगवणला पक्षी असतात.