वाचकांचे प्रश्न : पहिलं वेल्डिंग मशीन कोणतं घ्यावं?

मला घरचं गेट, खिडकीची जाळी, टेबलाचा सांगाडा अशी लोखंडाची कामं स्वतः करायची आहेत. चौकोनी पाईप आणि अँगल २ ते ५ मिलिमीटर जाडीचे असतील. वेल्डिंग कधी केलेलं नाही. कमी पैशांत आर्क, मिग की टिग?

आर्क, म्हणजे रॉडचं मशीन घ्या आणि तेही इन्व्हर्टर (घरच्या बॅटरीचा इन्व्हर्टर नव्हे, तर इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारं हलकं वेल्डिंग मशीन).

तुम्ही सांगितलेल्या जाडीच्या बहुतेक कामाला दोनच रॉड पुरतात. २.५ मिमीचा रॉड ६० ते ९० अँपिअरवर चालतो आणि ३.१५ मिमीचा ९० ते १३० अँपिअरवर. म्हणजे तुमचं सगळं काम १३० अँपिअरच्या आत आहे. खरोखर १४० ते १६० अँपिअर देणारं मशीन घेतलंत, की कित्येक वर्षं दुसरं लागणार नाही. रॉडवरचं आवरण जळताना जो वायू निघतो, तोच वितळलेल्या लोखंडाला हवेपासून वाचवतो आणि वितळलेल्या आवरणाची वर खपली (स्लॅग) धरते. त्यामुळे सिलिंडर, रेग्युलेटर, गन यांचा खर्च नाही आणि उघड्यावर थोडा वारा असला तरी काम अडत नाही.

मिग हाताला लवकर बसतं, हे खरं. तार आपोआप पुढे येते, ट्रिगर दाबला की काम सुरू. पण नवशिक्याला मिग फसवतं. लहान मशीनवर ५ मिमीच्या पट्टीला टाका मारला, की वरून तो गुळगुळीत दिसतो, पण खाली पट्टीचं लोखंड वितळलेलंच नसतं आणि हातोडीच्या दोन ठोक्यांत जोड उकलतो. रॉडचं तसं नाही. काम बिघडलं, की ते टाक्यावर लगेच दिसतं. शिकणाऱ्यासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे.

तुमचं बहुतेक काम १ मिमी किंवा त्याहून पातळ पत्र्याचं असेल, तर मात्र आमचं उत्तर बदलेल. तिथे ०.६ किंवा ०.८ मिमीच्या भरीव तारेचं, गॅसवर चालणारं मिगच हवं. बिनगॅसचं, म्हणजे आत फ्लक्स (रॉडच्या आवरणाचं काम करणारी भुकटी) भरलेल्या तारेचं मशीन स्वस्त पडतं, पण घेताना दोन गोष्टी बघा. आउटपुट डीसी आहे का? (अगदी स्वस्तातली काही एसी असतात आणि ठिणग्यांचे मणी चहूकडे उडवतात.) आणि आतली पोलॅरिटी बदलता येते का? बिनगॅसच्या तारेला गन निगेटिव्ह लागते, गॅसच्या तारेला पॉझिटिव्ह. उलट जोडणीवर तार चालते, पण जोड कच्चा राहतो.

टिग, म्हणजे टंगस्टनच्या सुईने आर्क धरून जोडण्याची पद्धत, सध्या बाजूला ठेवा. ‘थ्री-इन-वन’ (आर्क, मिग, टिग एकत्र) मशीनवरची टिगची सोय बहुतेक वेळा फक्त डीसी असते. तिच्यावर स्टेनलेस जोडता येतं, ॲल्युमिनियम नाही, कारण त्याच्या पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर फोडायला एसी लागतो.

एका खोक्यावर २०० अँपिअर लिहिलंय, दुसऱ्यावर २५०. दोन्ही जवळपास त्याच किमतीला. मोठा आकडा असलेलंच घेऊ ना?

खोक्यावरचा आकडा सोडा, मशीनच्या मागची धातूची पाटी वाचा. तिच्यावर करंटसोबत टक्क्यांत ड्यूटी सायकल असते. ती दहा मिनिटांच्या हिशेबाने आणि साधारण ४० अंश सेल्सिअस तापमानाला धरतात. ‘१६० अँपिअर, ६०%’ म्हणजे दहातली सहा मिनिटं १६० वर चालवा, चार मिनिटं मशीनला थंड होऊ द्या. टक्का दिलेलाच नसेल किंवा तो २० अंशांवर मोजलेला असेल, तर त्या मशीनपासून दूर राहा.

हिशेब सोपा आहे. समजा पाटीवर २०० अँपिअर, ३०% आहे. ६०% वर किती मिळतील? ३० भागिले ६० याचं वर्गमूळ ०.७१. त्याने २०० ला गुणलं, की साधारण १४१ अँपिअर. १००% वर, म्हणजे न थांबता, ११० च्या आसपास. ३.१५ चा रॉड ११० वर छान चालतो, म्हणजे हे मशीन तुम्हाला पुरेसं आहे.

आकडा खरा की फुगवलेला, हेही पाटीवरून ताडता येतं. आर्कचं प्रमाण व्होल्टेज २० अधिक करंटच्या ०.०४ पट धरतात. २५० अँपिअरला ते ३० व्होल्ट येतं, म्हणजे आउटपुट ७५०० वॉट. मशीनमध्ये वाया जाणारी वीज धरली, तर आत साधारण ८८०० वॉट घ्यावे लागतील. २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर ते किमान ३८ अँपिअर झाले. आणि पाटीवर इनपुटचा कमाल करंट २० अँपिअर लिहिलेला असेल, तर ते मशीन २५० देऊच शकत नाही. हे गणित दुकानात उभ्याने मोबाइलवर करा, दोन मिनिटं लागतात.

करंटशिवाय तीन सोयी उपयोगाच्या. हॉट स्टार्ट, म्हणजे सुरुवातीला क्षणभर जादा करंट. आर्क फोर्स, म्हणजे रॉड फार जवळ गेला तरी आर्क विझू न देणं. आणि अँटी-स्टिक, म्हणजे रॉड चिकटला की करंट तोडणं. मशीनसोबत येणाऱ्या केबलीही बघा. १६ चौरस मिमीच्या खाली नको आणि तार तांब्याची हवी, वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची नको. टोकाची तार जरा खरवडली की आतला रंग दिसतो.

घरच्या सॉकेटवर मशीन चालेल का? शेजारी म्हणतात, एमसीबी सारखा पडेल.

स्वस्त इन्व्हर्टरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी खरोखर कामी येणारा वाटा, ०.७ च्या आसपास असतो. त्या हिशेबाने २.५ चा रॉड ८० अँपिअरवर चालवताना मशीन २३० व्होल्टवर साधारण १४ अँपिअर ओढतं. १६ अँपिअरच्या चांगल्या सॉकेटवर एवढं निभतं, मात्र त्याच लाईनवर गिझर किंवा पंप चालू नको. ३.१५ चा रॉड १३० वर नेलात, की ओढ २५ अँपिअरपर्यंत जाते. त्यासाठी ४ चौरस मिमीची वेगळी लाईन आणि ३२ अँपिअरचा ‘सी’ प्रकारचा एमसीबी वायरमनकडून टाकून घ्या. पॉवर फॅक्टर सुधारणारं, म्हणजे पीएफसीचं मशीन याच कामाला बराच कमी करंट ओढतं. वायरिंग जुनं असेल, तर थोडे जादा पैसे तिथे घालणं योग्य.

एक्स्टेंशनमुळे सर्वांत जास्त घोटाळे होतात. १ चौरस मिमीची ३० मीटर केबल २० अँपिअरला २० व्होल्टहून अधिक खाते. मशीनला २३० ऐवजी २१० च्याही खाली मिळतात आणि आर्क मरगळतो. २.५ चौरस मिमीची घ्या, शक्य तितकी आखूड ठेवा आणि रिळावरून पूर्ण उलगडा. गुंडाळलेली केबल आतून तापून वितळते.

आणखी एक. जोडकामाला लावतो त्या चिमट्याला सगळे ‘अर्थ’ म्हणतात, पण घराच्या अर्थिंगशी त्याचा संबंध नाही. मशीनच्या प्लगचा तिसरा पाय खऱ्या अर्थिंगला जोडलेला असलाच पाहिजे.

वापरलेलं जुनं ट्रान्सफॉर्मरचं मशीन फार स्वस्तात मिळतंय. घेऊ का?

मजबूत असतं, त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. पण शिकायला घेऊ नका. वजन पन्नास किलोच्या घरात जातं. एसी आर्क सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, त्यामुळे नवख्या हाताखाली सारखा विझतो. शिवाय त्यातली बरीच दोन फेजवर चालणारी असतात, ती घरच्या सॉकेटला निरुपयोगी.

मशीन नवं आहे, तरी रॉड सारखा चिकटतो. करंट वाढवला की पाईपला भोक पडतं. मशीन खराब आहे का?

बहुधा नाही. आधी चिमटा बघा. तो गंजावर किंवा रंगावर लावला असेल, तर करंट पोचतच नाही. रुपयाएवढी जागा ग्राइंडरने चकचकीत करा आणि तिथे लावा. दहा टाके मारून झाल्यावर चिमटा हाताला गरम लागला, तर तोच बदला. मशीनसोबत येणारे पातळ पत्र्याचे चिमटे सर्रास असेच असतात.

मग रॉड. ६०१३ क्रमांकाचा घ्या, शिकायला तोच. त्याने ओल धरली असेल, तर आर्क फटफटतो. १०० अंशांच्या आसपास तासभर वाळवला, की बहुतेक सुधारतो. ७०१८ आत्ता नको. तो ३०० अंशांच्या वर भाजून कोरडा ठेवावा लागतो आणि पुन्हा पेटवायला हट्टी असतो.

आता हात. ५ मिमीच्या सपाट पट्टीवर २.५ चा रॉड, करंट ७५. काडी पेटवतो तसा रॉड घासा. आर्क लागला, की टोक पट्टीपासून रॉडच्या जाडीएवढंच, अडीच मिमी वर धरा आणि रॉड जळेल तसा हात खाली आणत जा. रॉड पुढच्या दिशेला १० ते २० अंश कललेला हवा. नजर उजेडावर नको. त्याच्या मागे जे वितळलेलं लोखंड साचतं, त्याच्या काठावर ठेवा. ते रॉडच्या दुप्पट-अडीचपट रुंद झालं, की पुढे सरका. काठाशी खाच पडली, तर करंट जास्त आहे किंवा आर्क लांब. टाका दोरीसारखा उंच राहिला, तर करंट कमी. खपली टाक्याच्या आत अडकली, तर आधीचा थर साफ केलेला नाही.

२ मिमीच्या पाईपला भोक पडतंय ना? २ मिमीचा रॉड घ्या, ५० अँपिअर, होल्डर (रॉड धरायची मूठ) निगेटिव्हला. सलग न ओढता दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे मारा, मध्ये थंड होऊ द्या.

मशीन घेतल्यावर पैसे फार उरणार नाहीत. काय टाळलं तर चालेल?

हेल्मेट टाळू नका. आपोआप काळं होणारं, ९ ते १३ शेडचं (शेड म्हणजे काचेच्या काळेपणाचा आकडा) घ्या. ६० ते १६० अँपिअरला १० शेड सोयीची. आर्क उघड्या डोळ्यांनी पाहिला, की काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि रात्र डोळे मिटून काढावी लागते. चामड्याचे लांब हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सुती शर्टही हवाच. पॉलिएस्टर ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. ग्राइंडर, खपली काढायची हातोडी, तारेचा ब्रश आणि दोन सी-क्लँप लागतील. मॅग्नेट, ट्रॉली, महागडं टेबल पुढे बघू.

दोन गोष्टी मात्र आत्ताच मनावर घ्या. जस्ताचा मुलामा असलेला पाईप जोडण्याआधी तो मुलामा दोन्ही बाजूंना काही सेंटिमीटर घासून काढा. त्याच्या पांढऱ्या धुराने त्याच रात्री थंडी वाजून ताप भरतो. आणि ब्रेक क्लीनरसारखं क्लोरिनयुक्त द्रावण जोडाजवळ वापरूच नका. आर्कच्या उष्णतेने त्यातून फॉस्जीन हा जीवघेणा वायू बनू शकतो. जोड पुसायला ॲसिटोन वापरा आणि ते पूर्ण उडून गेल्यावरच रॉड पेटवा.