राष्ट्रीय उद्यानात अडकलेली शेती बाहेर काढून बदल्यात शेजारचं राखीव वन आत घेता येतं का? इतकं सोपं असताना सरकार का करत नाही?

हद्द बदलता येते. कायद्यात सोय आहे आणि महाराष्ट्रात हे झालेलंही आहे. पण तुमच्या प्रश्नातलं ‘इतकं सोपं’ मला झोंबलं. आमची जमीन आधी हद्दीच्या आत होती, मग बाहेर आली, आणि दोन्ही वेळा आमचं नुकसानच झालं. म्हणून लिहितेय.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं. १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोक पक्षी अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर. अख्खा सोलापूर जिल्हा पंधरा हजारांच्या आत आहे, त्यावरून अंदाज घ्या. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर, तिकडे कर्जत, श्रीगोंदा, असे तालुकेच्या तालुके कागदावर अभयारण्य झाले. माळढोक राहतो उघड्या गवताळ माळावर आणि त्याला लागून असलेल्या कोरडवाहू रानात. हद्दीत मात्र ऊस आला, बागा आल्या, बाजारपेठा आणि एसटी स्टँडही आले.

आमचा चार एकरांचा माळ ओढ्यापलीकडे आहे. नुसता मुरूम, नांगर लागत नाही, पण पाऊस झाला की गुडघाभर कुसळी गवत उभं राहतं. मी आठ-नऊ वर्षांची असताना आबांनी मला एकदा पहाटे तिथं नेलं, बांधाआड पालथं झोपवलं आणि तोंडावर बोट ठेवलं. समोर नर उभा होता. शेपूट पाठीवर उलटी पसरलेली, गळ्याची पांढरी पिशवी फुगून पार गुडघ्यापर्यंत लोंबलेली, आणि पोटातून आल्यासारखा खोल ‘हूम’. आबा त्या पक्ष्याला हूमच म्हणायचे. पंधरा दिवसांनी त्याच माळावर मादीचं अंडं दिसलं. एकच. उघड्या जमिनीवर, ना काडी ना घरटं. आबांनी त्या पावसाळ्यात धनगरांना हात जोडून सांगितलं की महिनाभर मेंढरं ओढ्याच्या अलीकडूनच न्या, आणि आमच्या वस्तीवर त्यांना कडबा दिला. तेव्हा आम्हाला ना कुणी नुकसानभरपाई दिली होती, ना हद्दीचा दगड दाखवला होता. आपण अभयारण्यात राहतो हेसुद्धा गावात निम्म्या लोकांना माहीत नव्हतं.

कळलं ते २००४ साली. आबांच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं. विहिरीजवळची दोन एकर चुलतभावाला द्यायची असं ठरलं, भाव ठरला, स्टॅम्प पेपर आणले. नोंदणीच्या वेळी सांगितलं गेलं की हा गट अभयारण्यात आहे, वन्यजीव विभागाचा ना-हरकत दाखला आणा. त्या विभागात गेलो तर म्हणाले, असा दाखला द्यायची आमच्याकडे पद्धतच नाही. पाच महिने मी आणि दादा या दारातून त्या दारात फिरलो. शेवटी एका भल्या कारकुनाने कायद्याचं पुस्तक उघडून दाखवलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम २०: अधिसूचना निघाल्यावर त्या हद्दीतल्या जमिनीवर कुणालाही नवा हक्क मिळवता येत नाही, वारसाने मिळालेला सोडून. म्हणजे आबा गेले असते तर जमीन आमच्या नावावर झाली असती. ते जगावेत म्हणून ती विकता येत नव्हती.

आईच्या पाटल्या गेल्या, वर व्याजाचे पैसे काढले. ऑपरेशन उशिरा झालं, आबा त्यानंतर तीन वर्षं जगले. हा राग माझ्या मनातून गेलेला नाही आणि जाणारही नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी गटागटाने हक्कांची चौकशी करायची, कुणाची जमीन घ्यायची, कुणाची वगळायची ते ठरवायचं, भरपाई द्यायची, हे सगळं त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. ते वेळेवर केलं असतं तर हद्द कितीही मोठी असती तरी चाललं असतं. नुसती रेघ ओढायची आणि तीस वर्षं तिच्याकडे बघायचंच नाही, याला मी संरक्षण म्हणत नाही.

आता ‘सरकार का करत नाही’ याचं उत्तर. राज्य सरकारला एकट्याने हद्द बदलता येत नाही. पूर्वी विधिमंडळाचा ठराव लागायचा. २००२ च्या दुरुस्तीनंतर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. शिवाय नोव्हेंबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यं यांचा कुठलाही भाग न्यायालयाच्या परवानगीशिवाय वगळायचा नाही. लोक याला अडवणूक म्हणतात. मला हे बरोबर वाटतं. हद्दीतून बाहेर काढा म्हणणाऱ्यांत आमच्यासारखे शेतकरी असतात, तशाच खाणी आणि प्लॉटिंगवालेही असतात, आणि अर्जावर नाव बहुतेक वेळा शेतकऱ्याचंच असतं.

आमच्याकडे समिती बसली, फायली दिल्लीला जाऊन आल्या, आणि २०१२ च्या सुमारास क्षेत्र ८,४९६ वरून १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. गावात फटाके वाजले. दादानं पेढे वाटले. आमचे सगळे गट बाहेर.

माझं भांडण इथून सुरू होतं. आमच्या माळाला लागूनच वनखात्याचा एक तुकडा आहे, तारेचं कुंपण घातलेला. तो हद्दीत राहिला. आमचा माळ बाहेर पडला. रेघ कुंपणावरून गेली, कारण मालकी तिथं बदलते. पण नर नाचायचा तो कुंपणापासून चारशे पावलं आमच्या बाजूला, कारण तिथं चढ आहे आणि चारी बाजूंचं दिसतं. खात्याच्या तुकड्यात ग्लिरिसिडिया नावाचं झाड लावलेलं, त्याची आता दाट झाडी झालीय. ज्या पक्ष्याला लांबवर नजर पोचलेली लागते तो झाडीत उतरत नाही. म्हणजे जिथं तो येत होता ती जमीन सुटली आणि जिथं येत नव्हता ती राहिली. हेक्टरांचा हिशेब मात्र जुळला.

हद्द ठरवताना कुणी आमच्या बांधावर आलं होतं का? आलं असतं तर मीच ओढ्यापासून चालत नेऊन दाखवलं असतं. विहिरीवरची बागायत हद्दीतून सोडा आणि माळ भाव देऊन घ्या, असं आबा हयात असताना स्वतः म्हणत होते.

पुढच्याच उन्हाळ्यात दादानं जेसीबी बोलावला. मुरूम रस्त्याच्या कामाला जाणार होता, नंतर तिथं प्लॉट पाडायचे. सातबाऱ्यावर वारस म्हणून माझं नाव आहे, त्याला माझं हक्कसोडपत्र हवं होतं. मी सही केली नाही. तो म्हणाला, “आक्के, तीस वर्षं त्या पाखरानं आपल्याला बांधून घातलं. आता तू बांधणार का?” तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, म्हणून इथं देते. दादा, पाखरानं नाही बांधलं. ज्यांनी न बघता रेघ ओढली त्यांनी बांधलं, आणि न बघता पुसली तीही तशाच लोकांनी. आबांनी महिनाभर कडबा दिला तो या माळासाठी, आणि आता मुरमाच्या एका खेपेला काय भाव मिळतो म्हणून तो खरवडायचा? बहिणींना माझं एवढंच सांगणं आहे की माहेरच्या पडीक माळाला ‘पडीक’ म्हणून हक्कसोडावर सही करू नका. आधी जाऊन बघून या.

शेजारचं वन आत घेण्याबद्दल. हा भाग खरंच तुलनेनं सोपा आहे, कारण राखीव वनातले हक्क १९२७ च्या वन कायद्याखाली आधीच ठरवलेले असतात आणि जमीन सरकारचीच असते. बोरिवलीचं उद्यान सुरुवातीला जेमतेम २० चौरस किलोमीटर होतं, भोवतालची वनं जोडत जोडत ते १०० च्या पुढे गेलं. ताडोबात तर १९५५ च्या ११६ चौरस किलोमीटरच्या उद्यानाची रेघ न हलवता शेजारी १९८६ साली अंधारी अभयारण्य केलं, १९९५ ला दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१० ला भोवतीचं जंगल बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या राखणीच्या पट्ट्यात, घेतलं. मला ही पद्धत जास्त पटते, कारण वाघ उद्यानाच्या रेघेवर थांबत नाही आणि शेजारच्या जंगलात सागाची तोड चालू राहिली तर उद्यान बेट होऊन बसतं.

पण ‘बदल्यात’ हा शब्द जपून वापरा. तुमची शेती सुटेल तेव्हा त्या राखीव वनात मोहफुलं वेचणारी, तेंदूपत्ता तोडणारी, गुरं चारणारी दुसरीच माणसं असतील. २००६ च्या वनहक्क कायद्यानं त्यांचे हक्क मानले आहेत. आधी त्यांचे दावे निकाली निघायला हवेत आणि त्यांच्या ग्रामसभेला विचारायला हवं. नाहीतर माझ्या आबांवर आली ती वेळ दुसऱ्या कुणाच्या आबांवर येईल. आणि क्षेत्राला क्षेत्र असा हिशेब मान्य करू नका. शंभर हेक्टर गवताच्या बदल्यात शंभर हेक्टर ग्लिरिसिडिया दिला तर ते दिल्यासारखं नाही.

तिसरी वाटही आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. २००२ च्याच दुरुस्तीत संवर्धन राखीव आणि सामुदायिक राखीव असे दोन प्रकार आले. पहिला उद्यानाला लागून असलेल्या किंवा दोन संरक्षित क्षेत्रांना जोडणाऱ्या सरकारी जमिनीसाठी, दुसरा स्वतःहून तयार असलेल्या गावाच्या किंवा खाजगी मालकाच्या जमिनीसाठी. माझ्या हिश्श्यापुरती मी तयार आहे. गट सामाईक असल्यामुळे दादाची संमती लागते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. माझा अनुभव अभयारण्याचा आहे, तुम्ही राष्ट्रीय उद्यानाबद्दल विचारलंय. अभयारण्यात जिल्हाधिकारी काही हक्क चालू ठेवू शकतात. उद्यानात ती मुभा नाही, अंतिम अधिसूचनेआधी सगळे हक्क सरकारकडे जावे लागतात आणि गुरं चारायलाही बंदी असते. म्हणून तुमच्या गावाचं उद्यान अंतिम झालंय की नुसती इरादा अधिसूचना, म्हणजे उद्यान करायचा विचार जाहीर करणारी पहिली अधिसूचना, आहे ते पहिल्यांदा बघा. अजून अंतिम झालं नसेल तर तुमचा गट वगळून घ्यायची खरी वेळ हक्क-चौकशीचीच आहे, नंतर दिल्ली गाठावी लागते.

अधिसूचनेची प्रत माहितीच्या अधिकारात मागा. तिच्यात चारी दिशांच्या सीमांचं वर्णन आणि गट नंबरांची यादी असते. गावनकाशा हातात घेऊन ती हद्द पायी चाला, बरोबर गुराखी किंवा मेंढपाळ घ्या, कुठलं जनावर कुठून पाण्यावर येतं ते त्यांना माहीत असतं. मे महिन्यात जाऊ नका, तेव्हा सगळा माळ सारखाच उजाड दिसतो. सप्टेंबरात जा, गवत उभं असताना.