आवाज बंद करून सामना

प्रश्न : वीस वर्षं लाँग आयलंडला राहते. आइस हॉकीत इथल्या न्यूयॉर्क आयलंडर्स संघावर जीव. ज्या व्यवस्थापकानं, माइक मिलबरीनं, आमचा संघ मोडीत काढला, तोच पुढे टीव्हीवर समालोचक होऊन इतरांना अक्कल शिकवायचा. मी आवाज बंद करून सामने बघायचे. चुकलंच का हो माझं?

उत्तर : चुकलं कसलं, ताई! मी खडकीच्या धनराज पिल्लेची हॉकी बघत वाढलो, बर्फावरची उशिरा कळली. पण हा हिशेब मलाही झोंबतो. 2000 साली त्यानं गोलरक्षक लुआँगो फ्लोरिडाच्या संघाला देऊन टाकला. 2001 मध्ये सहा फूट नऊ इंचांचा बचावपटू चारा ओटावाला, वर नव्या खेळाडूंच्या निवडीत दुसऱ्या क्रमांकानं खेळाडू उचलायचा हक्कही. ओटावाकडून बदल्यात काय, तर आघाडीचा एकटा याशिन! 2011च्या स्टॅनले कपच्या, म्हणजे तिथल्या आइस हॉकी लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम लढतीत व्हँकूवरच्या जाळ्यापुढे लुआँगो आणि समोर बोस्टनचा कर्णधार चारा. दोघंही तुमच्याच घरातून गेलेले. कप चारानं उचलला. आता हा माणूस खेळाडूंची पारख सांगणार म्हटल्यावर हात रिमोटकडे जाणारच.

फक्त आवाज बंद केला की स्केटची खरखर हुकते. रेडिओ लावून बघा. तो कधी कधी चित्राच्या पुढे धावतो, गोल आधी ऐकू येईल, एवढं सोसा.