एअर रायफलमध्ये पेलेट कधी घट्ट, कधी सैल बसते. दहाऐवजी नऊ गुण त्यामुळेच लागतात का?

तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी आहेत. मुलीच्या दहा मीटर रायफलीत पेलेटचा, म्हणजे शिशाच्या छऱ्यांचा, नवा डबा उघडल्यापासून काही पेलेट बोल्ट (पेलेट नळीत ढकलणारा दांडा) लावताना अडखळतात, काही सुळकन आत जातात. शिवाय चांगले दहा चालू असताना मधूनच नऊ लागतो. पहिलीमुळे दुसरी, असं तुम्ही धरून चालला आहात, म्हणून एक अमेरिकन व्हिडिओ बघून पेनाच्या टोकाने पेलेट आत दाबून बसवता आहात. मी पुण्यात एका रेंजवर रायफलींची देखभाल बघतो, आणि माझ्या मते या दोन्हींचा संबंध असलाच तर थोडा आहे.

आधी ते पेनाने दाबणं बंद करा. ती युक्ती नळी मोडून भरायच्या बंदुकीची. तिथे पेलेट नळीच्या तोंडाबाहेर जराशी राहिली तरी नळी मिटताना तिचा मागचा घेर चेपतो, म्हणून लोक ती आत सारून घेतात. तुमच्या मुलीच्या, म्हणजे स्पर्धेच्या (मॅच) रायफलीत हे काम बोल्टची नोक करते, आणि दर वेळी सारख्याच खोलीवर करते. तुम्ही पाहिलेल्या अमेरिकन व्हिडिओतली ‘सीटिंग डेप्थ’ ही तर निराळीच भानगड. ते लोक सेंटरफायर, म्हणजे दारूच्या मोठ्या रायफलीची काडतुसं स्वतः भरतात आणि बुलेट केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) किती खोल बसवायची यावर रात्री जागवतात. आपल्या पेलेटला केसही नाही आणि दारूही नाही.

मग अडखळतं कुठे? डब्यावर डोक्याचं माप छापलेलं असतं: ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी असं. जुना डबा ४.४९ चा आणि नवा ४.५१ चा असेल तर सगळ्याच पेलेट जरा घट्ट जातील, त्यात बिघाड काही नाही. पण एकाच डब्यातल्या काही घट्ट, काही सैल असतील तर मी आधी घेर तपासतो. पेलेट मऊ शिशाची, वजन जेमतेम ०.५३ ग्रॅम, आकार डमरूसारखा, मागून पोकळ. गोळी सुटताना हवेच्या दाबाने हा मागचा घेर फुलतो आणि नळीला घट्ट टेकतो. डबा एकदा फरशीवर पडला किंवा स्कूटरच्या डिकीत आदळत राहिला की घेर अंडाकृती होतो. काचेच्या तुकड्यावर पेलेट लोळवून बघा. धड असेल ती गुळगुळीत वळण घेत जाते, चेपलेली अडखळत, डुलत जाते. अशा पेलेट सरावातही वापरू नका, बाजूला काढा. आणि मुलीला सांगा, पेलेट घेराला चिमटीत धरायची नाही, कमरेत धरायची.

घेर ठीक निघाले तर बोल्टच्या टोकाशी असलेली ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) रेंजवर बघायला सांगा. ती झिजली किंवा चिरली की हवा मागे गळते आणि वेग कमी-जास्त होतो. बदलायला स्वस्त आहे, पण घरी उपटू नका.

आता नऊचं. मॅच रायफलीची पेलेट सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने निघते आणि दहा मीटर जाईपर्यंत १७-१८ मिमी खाली येते. वेग पाच मीटरने कमी झाला, म्हणजे तीन टक्के, तर ती आणखी सुमारे एक मिमी खाली लागेल. दशांश गुणांत दहाच्या आतही १०.० ते १०.९ असे भाग असतात आणि प्रत्येक ०.१ म्हणजे पाव मिलिमीटर, त्यामुळे एवढ्याने १०.९ चा १०.५ होईल. नऊ लागायला पेलेटचा मध्य केंद्रापासून अडीच मिमीच्या पलीकडे जावा लागतो. शिवाय वेगातला फरक वर-खाली दिसतो, डावी-उजवीकडे नाही. इलेक्ट्रॉनिक टार्गेटच्या स्क्रीनवर बघा: तिचे नऊ बाजूला जात असतील तर हवेला आणि ओ-रिंगला दोष देण्यात अर्थ नाही. अगदी खाली, एखादाच, भलताच लागला तर विचारा की लिव्हर दोनदा ओढून दोन पेलेट तर भरल्या नव्हत्या ना. नव्या मुलांकडून हे फार होतं, आणि ती सांगत नाहीत. खूप वाकडा चेपलेला घेर मात्र पेलेट कुठल्याही दिशेला नेऊ शकतो, म्हणून काचेची चाचणी आधी.

खरा निकाल व्हाइसमध्ये, म्हणजे रायफल धरून ठेवणाऱ्या शिकंजात लागतो. रायफल पक्की आवळून त्याच डब्यातल्या दहा पेलेट मारायच्या. भोकांच्या बाहेरच्या कडा सात मिमीच्या आत आल्या तर रायफल आणि पेलेट दोन्ही निर्दोष. त्याहून मोठा ग्रुप (भोकांचा पुंजका) आला तर मापं बदलून पुन्हा. एकाच मापाच्या दोन बॅचसुद्धा वेगळ्या वागतात, त्यामुळे डब्यावरचा बॅच नंबर लिहून ठेवा. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेने ब्राँझ घेतलं त्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्येही (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायच्या रायफल प्रकारात) हेच चालतं. त्यात लागणारी पॉइंट टू-टू (.२२) काडतुसं नेमबाज स्वतः भरत नाहीत, त्यामुळे आपल्या नळीला जमणारा लॉट, म्हणजे बॅच, शोधणं एवढंच हातात असतं, आणि त्यासाठी लोक रायफल घेऊन कंपनीच्या टेस्टिंग सेंटरला जातात.

नळी साफ करायची तर फेल्टच्या गोळ्यांनी, पितळी ब्रशने नाही. साफ केल्यावर पहिल्या काही पेलेटचा ग्रुप धरू नका. पावसाळ्यात डबा घट्ट बंद ठेवा, शिशावर पांढरी पूड धरते. आणि रेंजबाहेर वडापाव घ्यायच्या आधी तिने साबणाने हात धुतलेच पाहिजेत, यात मी कुणाचं ऐकत नाही.

व्हाइसमधला ग्रुप चांगला आला तर नव्या डब्यावर पैसे घालू नका. तिच्या कोचना सांगा, आठवडाभर टार्गेटऐवजी तिचा ट्रिगर आणि फॉलो-थ्रू (गोळी सुटल्यावरही नेम तसाच धरून राहणं) बघा.